प्रोजेक्टरवर फिल्म थेट एडिटिंग सॉफ्टवेअरमधून दाखवावी का? आणि डुप्लिकेट की एक्स्टेंड?

पंचगंगाकाठ
शाहू जयंतीला, २६ जूनला, आमच्या पेठेतल्या तालमीवर केलेली बारा मिनिटांची फिल्म कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये दाखवली. जे झालं ते मनाला लागलंय, म्हणून लिहितोय.

प्रोजेक्टर भाड्याचा. लॅपटॉप १९२० बाय १०८० चा, सॉफ्टवेअर प्रीमियर. केबल लावली तशी स्क्रीन डुप्लिकेट झाली, म्हणजे लॅपटॉपवर जे ते पडद्यावर, आणि दोन्हीकडं १०२४ बाय ७६८ आलं. प्रीमियरचे पॅनेल दाटीवाटीनं बसले, टाइमलाइनचे, म्हणजे शॉट ओळीनं जोडतात त्या पट्टीचे, खालचे ट्रॅक दिसेनात, एक्स्पोर्टची खिडकी उघडली तर तिचं बटण स्क्रीनच्या बाहेर. घाईत मी हातानं १९२० बाय १०८० केलं. प्रोजेक्टरनं ते घेतलं, चित्र आलं, जिवात जीव आला. फिल्म सुरू झाली आणि बघतो तर सगळे पैलवान काटकुळे. पहिल्या रांगेत वस्ताद बसलेले. त्यांचा लाल मातीतला तरुणपणीचा फोटो आला, त्यात मान उसासारखी लांब, छाती निम्मी. वस्ताद काही बोलले नाहीत. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.

कारण घरी आल्यावर शोधलं. त्या प्रोजेक्टरचं मूळ पॅनेल १०२४ बाय ७६८, म्हणजे ४:३. त्याला मी १६:९ चा सिग्नल दिला आणि त्याच्या मेन्यूत ॲस्पेक्ट (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) ‘फुल’ वर होतं. मग त्यानं चित्र दोन्ही बाजूंनी दाबून पडदा भरून टाकला.

माझं मत असं झालंय, की डुप्लिकेट वापरूच नये. विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड करायचं, म्हणजे पडदा ही वेगळी दुसरी स्क्रीन होते, डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसऱ्या स्क्रीनला प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्यूशन द्यायचं, लॅपटॉप आपल्या जागी १९२० वरच. मग प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅकखाली मर्क्युरी ट्रान्समिट चालू करून प्रोजेक्टरच्या स्क्रीनवर टिक. पडद्यावर फक्त फिल्म जाते, टाइमलाइन आपल्यासमोर राहते. वरखाली काळ्या पट्ट्या येतात, फिल्मला १०२४ बाय ५७६ एवढीच जागा मिळते, पण माणूस माणसासारखा दिसतो.

कटपेस्टताई
दादा, वस्तादांचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचा उपाय मला पटत नाही. मुळात एडिटिंग सॉफ्टवेअर हॉलमध्ये न्यायचंच कशाला? संकलन एक काम, खेळ लावणं दुसरं. १९२९ ला ज्या गावात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली तिथं हे सांगावं लागू नये. थिएटरातसुद्धा कोणी टाइमलाइन लावत नाही, तयार डीसीपी, म्हणजे थिएटरसाठी बांधलेलं फिल्मचं डिजिटल पॅकेज, जातं. आपण एमपी४ करावी, एच.२६४, १०८०पी, पेनड्राइव्हवर दोन प्रती, आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये फुल स्क्रीन. सॉफ्टवेअर नाही म्हटल्यावर पॅनेल नाहीत, बटण हरवणं नाही, ऐन वेळी ‘मीडिया ऑफलाइन’ची लाल पाटी नाही.

पंचगंगाकाठ
ताई, फाइल होती की! दुपारीच केलेली. संध्याकाळी सहाला अध्यक्ष म्हणाले, देणगीदारांत एक आडनाव चुकलंय. माझ्या लॅपटॉपवर नवीन फाइल व्हायला पाऊण तास लागतो, कार्यक्रम साडेसहाचा. दुसरं म्हणजे पहाटेच्या आखाड्याचे शॉट हॉलच्या उजेडात काळेमिट्ट दिसत होते, ते तिथंच थोडे उजळावे लागले. आणि खरं सांगायचं तर, फाइल व्हीएलसीत लावली असती तरी पैलवान काटकुळेच दिसले असते. सिग्नल तोच, प्रोजेक्टरचा मेन्यूही तोच.

कटपेस्टताई
हे शेवटचं मान्य. ॲस्पेक्टची चूक फाइलनं सुटली नसती. पण आडनावं आदल्या दिवशी अध्यक्षांकडून सही करून घ्यायची असतात. आणि काळोखाचे शॉट त्याच हॉलमध्ये आदल्या दिवशी बघायचे असतात, खिडक्या झाकून. सहाला ग्रेडिंग, म्हणजे रंग-उजेड जुळवणं, करणं म्हणजे वराती मागून घोडं.

मांडववाला
मी भाड्यानं प्रोजेक्टर देतो, म्हणून बोलतो. भावा, सगळ्यांनी प्रोजेक्टरलाच दोष देऊ नका. गिऱ्हाईक विचारतंय काय, तर “फुल एचडी चालतंय न्हवं?” चालतंय की. घेतंय म्हणजे तेवढं दाखवतंय असं न्हाई. खोक्यावर ‘सपोर्ट’ लिहिलेलं वेगळं आणि ‘नेटिव्ह’, म्हणजे पॅनेलचं मूळ रिझोल्यूशन, वेगळं. भाडं ठरवताना नेटिव्ह किती ते विचारा. एवढं विचारणारा वर्षात एखादाच येतो.

आता एक्स्टेंडचं. तुझं बरोबर हाय, पण एचडीएमआय थेट असली तर. जुन्या हॉलमध्ये छतातनं व्हीजीए वायर आलेली असते, तिला कन्व्हर्टर लावला की प्रोजेक्टर कोणता, किती रिझोल्यूशनचा, ही माहिती लॅपटॉपपर्यंत पोचेलच असं न्हाई. मग विंडोज अंदाजानं कायतरी देतंय आणि तुझं मूळ रिझोल्यूशन यादीत सापडत न्हाई. तिथं वायर बदल, सेटिंग बदलत बसू नकोस. केबल पंधरा मीटरची असली आणि चित्र लुकलुकत असलं तर ६० हर्ट्झचं ३० कर, बऱ्याचदा थांबतंय.

आणि लै महत्त्वाचं. प्रोजेक्टर कोपऱ्यात तिरका ठेवून कीस्टोननं, म्हणजे वाकडं चित्र सरळ करायच्या सेटिंगनं, सरळ करतात सगळे. त्यात पॅनेलच्या कडेचे पिक्सेल वाया जातात, मधली अक्षरं पुसट होतात. मग म्हणायचं रिझोल्यूशन खराब. दोन स्टुलं घ्या, प्रोजेक्टर पडद्यासमोर नीट मांडा.

शाहूपुरीचे सर
मी मुलांना एडिटिंग शिकवतो, आणि ‘डुप्लिकेट वापरूच नये’ याला माझा ठाम विरोध आहे. मला फिल्म दाखवायची नसते, टाइमलाइन दाखवायची असते. एक्स्टेंड केलं की मुलं बघतात ती स्क्रीन माझ्या पाठीमागे. माउस कुठं गेला हे बघायला तासभर मान वळवून बसायचं, आणि मुलांचा धागा तेवढ्यात तुटतो.

आमचा प्रोजेक्टर १२८० बाय ८००. मी डुप्लिकेट करून लॅपटॉपही तिथंच आणतो आणि विंडोजचं स्केलिंग (अक्षरं-बटणांचा आकार) १५० टक्क्यांवरून १०० वर. निम्मी गर्दी तिथंच कमी होते. मग प्रीमियरमध्ये वर्गासाठी वेगळी मांडणी केलीय. नको ते पॅनेल बंद, टाइमलाइन उंच, आणि विंडो मेन्यूतल्या वर्कस्पेसेसमध्ये जाऊन ती ‘वर्ग’ नावानं सेव्ह. बारीक काही दाखवायचं असेल तेव्हा विंडोज आणि अधिकचं चिन्ह दाबलं की भिंग उघडतं. एका फ्रेमचा कट शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही दिसतो. हे एक्स्टेंडमध्ये कसं करणार, सांगा.

पंचगंगाकाठ
सर, वर्गापुरतं तुमचं मान्य. ‘वापरूच नये’ हे मागं घेतो. पण प्रेक्षकांसमोर फिल्म दाखवताना डुप्लिकेट नको, यावर मी ठाम आहे. परवा एका ठिकाणी लग्नाची फिल्म चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात व्हॉट्सॲपचा निरोप उघडा पडलेला मी बघितलाय. नवरीच्या वडिलांनी मान खाली घातली. एक्स्टेंड असतं तर बहुतेक तो लॅपटॉपवरच राहिला असता.

ताई, या वेळी फाइल करून नेतो, आडनावं तपासून. लॅपटॉप तरीही सोबत असेल.

वस्तादांच्या घरी जाऊन आलो. फिल्म त्यांना एकदा नीट दाखवायचीय, तालमीतच, मातीच्या बाजूला पडदा बांधून. मांडववाले, तुमच्याकडं १९२० बाय १०८० नेटिव्ह आहे का?

मांडववाला
एक हाय. रविवारी मोकळा हाय. चारला घेऊन येतो, उजेड असताना मांडू. स्टुलं तुझी. वस्तादांसाठी भाडं घेणार न्हाई.