‘टिल’ला गाळ म्हणावे का?

माळरान: इलिनॉयमधील एका दरडीचे वर्णन मराठीत करताना अडलो आहे. तळाशी हिमनदीने आणून टाकलेले ‘टिल’, त्याच्याच माथ्यावर घडलेली ‘सँगमन’ माती आणि वर वाऱ्याने आणलेले लोएस, म्हणजे बारीक धुळीचा थर, असा क्रम आहे. टिलसाठी मी ‘हिमोढ’ लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘गाळ’ केले.

जुनी विहीर: ‘गाळ’ मुळीच नको. गाळ पाण्यात बसताना जाडेभरडे आणि बारीक वेगळे होते; बर्फ असली निवड करत नाही, म्हणून टिलमध्ये पिठासारखा चुरा आणि पुरुषभर उंचीचा धोंडा एकत्र सापडतात. ‘हिमोढ’ म्हटले की त्या मालाचे टेकाडच डोळ्यांपुढे येते. सरळ ‘गोटेमाती’ म्हणावे.

शुद्धमती: ‘गोटेमाती’ फारच बोलीतली वाटते, ‘हिमगोलाश्ममृदा’ असा शब्द घडवता येईल.

जुनी विहीर: घडवता येईल, पण उच्चारणार कोण? शिवाय ‘मृदा’ने घात होतो, आणि तेच माझ्या ‘गोटेमाती’तल्या मातीलाही थोडेफार लागू आहे. टिल हा नुसता टाकलेला माल आहे. बर्फ हटल्यावर, सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वीच्या उबदार काळात, हवा, पाणी आणि मुळे यांनी त्याची माती केली. दरडीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, तर खालचे चुनायुक्त टिल फसफसते आणि वरची तांबूस माती ढिम्म राहते, कारण तिच्यातला चुना पावसाने कधीच धुऊन नेलेला असतो. दोन्हींना एकच नाव दिले, तर हा फरक वाचकाला कळणार कसा?

कोरडवाहू: ‘टिल’ हा मुळात स्कॉटलंडमधल्या चिवट, गोटाळ जमिनीचा शब्द आहे, तेव्हा आपणही शेतातलाच घ्यावा. आयोवात टिल मुरून झालेल्या राखाडी चिकणमातीला जॉर्ज के यांनी १९१६ मध्ये ‘गम्बोटिल’ म्हटले. आमच्याकडे तिला कोणीही ‘चोपण’ म्हणेल.

शुद्धमती: चोपण सोडियममुळे होते, चिकटपणापलीकडे दोहोंत साम्य नाही.

माळरान: बरे, गाडल्या गेलेल्या मातीला ‘पुरामृदा’ चालेल का? सँगमनची पहिली नोंद १८७३ मध्ये वर्दन यांनी केली, ती विहिरी खणताना लागलेली काळी माती म्हणून. नाव लेव्हरेट यांनी १८९८ मध्ये दिले.

कोरडवाहू: ‘पुरामृदा’ वाचून निम्मे लोक पुराने आणलेली माती समजतील. ‘गाडलेली माती’ लिहा.

शुद्धमती: गाडतो तो कोणीतरी, ही आपोआप झाकली गेली.

जुनी विहीर: चंद्रपूरजवळ इरईला तालचीर काळातला, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा, गोट्यांचा थर आहे आणि त्याखालच्या चुनखडकावर बर्फाने ओढलेले चरे फेडन यांनी १८७५ मध्ये नोंदवले. ते टिल आता पक्का दगड झाले आहे, तेव्हा त्याला ‘गोटेमाती’ म्हणता येत नाही, हे मान्य.

शुद्धमती: म्हणूनच म्हणते, ‘हिमगोलाश्म’ ठेवा आणि ‘मृदा’ गाळा.