सिंहगड रस्त्यावर फ्लॅट घेण्याआधी पूर, पाणी आणि परिसर कसा तपासावा?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. पुण्यात टू बीएचके घ्यायचा आहे आणि दोन जागांवर गाडी येऊन थांबली आहे. पहिली विठ्ठलवाडीच्या पुढे, मुठा नदीपासून साधारण ३०० मीटरवर. १८ वर्षं जुनी सोसायटी, पहिला मजला, खाली पार्किंग, रीसेल. दुसरी नऱ्ह्यात, बायपासपासून थोडी आत. नवं बांधकाम, चौथा मजला, मागे टेकडी, पाणी सध्या टँकरचं.

टायटल, म्हणजे मालकीची कागदपत्रं, वकील बघताहेत. पण पुराचं पाणी, प्यायचं पाणी, आवाज, धूळ हे त्यांच्या कामात येत नाही. टोकन द्यायला तीन आठवडे आहेत. तेवढ्यात काय काय तपासून होईल? आधी काय करावं?

गटनंबर

पहिल्या जागेपासून सुरू करा, आणि ३०० मीटर हा आकडा विसरा. पुराला आडवं अंतर कळत नाही, उंची कळते.

निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. "२५ वर्षांतून एकदा" ऐकून लोक निश्चिंत होतात. त्याचा खरा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता. २० वर्षांचं कर्ज धरलं तर त्या काळात निदान एकदा तरी निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता ५५ टक्क्यांच्या आसपास जाते. लाल रेषेसाठी हीच शक्यता १८ टक्के.

नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळी ते लाल यांच्यामध्ये बांधकाम होतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. ही अट जोत्याची आहे, हे लक्षात घ्या. गाड्या, मीटर, पंप, पाण्याची टाकी हे सगळं त्याच्या खाली असू शकतं. शिवाय १८ वर्षांपूर्वीची इमारत त्या वेळच्या नियमाने आणि त्या वेळच्या नकाशाने उभी राहिलेली आहे.

काम असं करा. इंडेक्स-२ (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी गोषवारा) वरून सर्व्हे नंबर आणि हिस्सा काढा. त्यावर महापालिकेतून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या. पूररेषेची पातळी जलसंपदा विभागाच्या नकाशावर समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये, म्हणजे आरएलमध्ये असते. मग सर्व्हेअरला ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं यंत्र) घेऊन बोलवा आणि खात्रीच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेवरून, चार ठिकाणची आरएल काढून घ्या: पार्किंगची फरशी, मीटर रूम, भूमिगत टाकीचं झाकण, इमारतीसमोरच्या रस्त्यावरचा ड्रेनेज चेंबर. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मोबाईलमधली उंची यासाठी वापरू नका, ती कित्येक मीटरने चुकते.

चेंबर का, तर नदी फुगली की पावसाळी गटारातलं पाणी नदीत उतरत नाही, उलट मागे येतं. त्यामुळे रेषेबाहेरच्या सोसायटीतही आधी चेंबरमधून पाणी वर येतं आणि मग रस्त्यावरून.

रेषेवर आंधळा विश्वासही नको. पात्रात राडारोडा पडला, भराव झाला की तेवढ्याच विसर्गाला पाणी जास्त चढतं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सुटलं आणि एकतानगरी पाण्यात गेली. तुमची जागा त्याच अंगाला आहे, तेव्हा त्या दिवशी पाणी नेमकं कुठवर आलं होतं हे आजूबाजूच्या दुकानदारांना विचारा.

ओढा विसरू नका. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने जी हानी केली ती मुठेच्या पुरामुळे नव्हती, कात्रजच्या बाजूने आलेल्या पाण्याने केली. नऱ्ह्याच्या जागेसाठी महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गाव नकाशा काढा आणि गुगल अर्थ प्रोमध्ये जुनी छायाचित्रं एकेक करून मागे न्या. जिथे पूर्वी झाडांची नागमोडी रेघ होती आणि आज सरळ सिमेंटची भिंत आहे, तिथे ओढा वळवलेला असतो. जोराच्या पावसात पाणी जुनी वाट धरतं.

देखभाल

रीसेलमध्ये इमारत स्वतः सांगते, बघता यायला हवं. पार्किंगमध्ये बॅटरी घेऊन जा. खांबांवर सगळीकडे एकाच उंचीवर संपणारा नवा गिलावा किंवा रंगाचा पट्टा आहे का? भिंतीवर फुटलेलं पांढरं मीठ, तळाशी फुगलेल्या दरवाज्याच्या चौकटी, जमिनीपासून उचलून वर बसवलेल्या मीटरपेट्या या सगळ्या पाण्याच्या खुणा. लिफ्टच्या खड्ड्यात ओल किंवा गंज दिसतोय का तेही बघा.

सगळ्यात महत्त्वाचं भूमिगत टाकीचं झाकण. ते फरशीच्या पातळीत असेल तर गुडघाभर पाण्यातही मैलापाणी थेट पिण्याच्या टाकीत शिरतं. झाकणाभोवती निदान अडीच-तीन फुटांचा चौथरा हवा. सोसायट्या इथे हमखास कमी पडतात, आणि पूर ओसरल्यावरचे आजार इथूनच सुरू होतात.

सेक्रेटरींकडे मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. टँकर, पंप दुरुस्ती, लिफ्ट दुरुस्ती, चिखल काढणं हे खर्च कोणत्या महिन्यात पडलेत ते वाचा. विकणारा जे सांगणार नाही ते खर्चाच्या पानावर असतं.

भूजल

नऱ्ह्याच्या पाण्याबद्दल. गाव २०२१ मध्ये महापालिकेत आलं, पण हद्दीत येणं वेगळं आणि नळाला पुरेसं पाणी येणं वेगळं. "वर्षभरात कॉर्पोरेशनचं पाणी येईल" या वाक्याला किंमत देऊ नका. बिल्डरने महापालिकेला पाण्याबाबत काही हमीपत्र दिलं आहे का, त्याची प्रत मागा. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. ती परिवेश या सरकारी पोर्टलवर मिळते आणि पाणी कुठून येणार, रोज किती लागणार, एसटीपी (मैलापाणी शुद्ध करणारा प्लांट) किती क्षमतेचा हे त्यात लिहिलेलं असतं.

हिशेब स्वतः करा. माणशी १३५ लिटर, चौघांचं घर म्हणजे ५४० लिटर. ६० फ्लॅट असतील तर रोज ३२,४००. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज तीन आणि वर थोडं. समजा टँकर १,००० रुपयांना पडला, तर महिन्याला ९० हजारांच्या वर, म्हणजे घरटी दीड हजार, मेंटेनन्सच्या वेगळे. उन्हाळ्यात दर चढतो. बोअर आहे म्हणून हुरळून जाऊ नका. आपल्याकडे बेसाल्ट खडक आहे, पाणी फक्त भेगांत आणि सच्छिद्र थरांत राहतं. डिसेंबरला भरभरून चालणारा बोअर एप्रिलमध्ये वीस मिनिटांत हवा ओढतो. शेजारच्या सोसायटीत एप्रिल-मे मध्ये बोअर रोज किती वेळ चालतो ते विचारा.

आता दर्जा. २०२५ च्या जानेवारीत नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याचा प्रश्न सगळ्यांसमोर आला. दोन्ही जागी ओटी टेस्ट करा. नळाचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग किटवरच्या पट्टीशी ताडायचा. नळाला उरलेलं क्लोरीन लिटरला निदान ०.२ मि.ग्रॅ. हवं. रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही. टँकरच्या पाण्यातही हीच टेस्ट करा, टाकीत पडण्याआधी.

जिवाणू तपासणीसाठी प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली घ्या. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका, बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. १०० मिलीत ई-कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारा जिवाणू, अजिबात आढळता कामा नये. बोअरच्या पाण्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मि.ग्रॅ. पर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं. पण टीडीएसच्या पेनवर थांबू नका, प्रयोगशाळेकडून नायट्रेटही तपासून घ्या. ते लिटरला ४५ मि.ग्रॅ.च्या वर गेलं तर बहुतेक वेळा मैलापाणी झिरपतंय, आणि पाणी दिसायला अगदी स्वच्छ असतं.

चढण

मी फक्त नऱ्ह्याचं लिहितो. बायपासचा आवाज दुपारी मोजून उपयोग नाही. रात्री ११ ते १ मध्ये, बेडरूमची खिडकी उघडी ठेवून मोजा. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. चौथा मजला म्हणून कमी येईल असं नाही. खाली भिंती-झाडं आवाज अडवतात, वर काही आडवं नसतं. मोबाईलचं ॲप अचूक नसतं, पण ६०-६५ दाखवत असेल तर चित्र स्पष्ट आहे. लग्नसराईत शनिवारी संध्याकाळीही एक चक्कर मारा, जवळपास लॉन्स असतील तर तेव्हाच कळेल.

एसटीपी कुठे बसवलाय ते मंजूर नकाशात बघा. तुमच्या खिडकीखाली असेल तर ब्लोअरची घरघर चोवीस तास.

मागच्या टेकडीसाठी: १:५ पेक्षा जास्त उताराच्या जमिनीवर बांधकामाला बंदी आहे. उतार फोडून सपाटी केली असेल तर संरक्षक भिंतीला पाणी निघायची भोकं आहेत का आणि पावसात ती वाहतात का ते बघा. कोरडी भोकं आणि भिंतीला आलेला फुगवटा दिसला तर पुढची बोलणी थांबवा, भिंतीमागे पाणी साठतंय.

मुठाकाठ

फार उपयोगी पडलं, मनापासून आभार. सर्व्हेअर शनिवारी येतोय. एकच शंका: पार्किंगची फरशी लाल रेषेच्या खाली निघाली, पण पहिला मजला बराच वर असला, तर विमा काढून घेणं शहाणपणाचं ठरेल का?

गटनंबर

घर कोरडं राहील, पण लिफ्ट, पंप आणि वीज जाईल, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर पहिला मजलाही अडकून पडतो. भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर येतो, पण ती घराची आणि घरातल्या सामानाची. गाडीला तिचा उपयोग नाही. गाडीच्या पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, आणि ते नसताना पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघितली तर इंजिनाचा दावा सहसा नाकारतात.

फरक अर्ध्या मीटरच्या आत असेल आणि सोसायटी मीटर, पंप, टाकीचं झाकण वर घ्यायला तयार असेल तर तो खर्च धरून भाव पाडून मागा. सोसायटीचा ठराव लेखी घ्या, टोकनच्या आधी. फरक मीटरभर किंवा जास्त असेल तर ही जागा सोडा.