‘दोन सूत ढाळ’ म्हणजे नक्की किती?

चोपडेकर:
मंडळी, एक शब्द विचारायचाय, आणि नुसता हौस म्हणून नाही, त्या शब्दापायी माझा एक ओटा वाया गेलाय. घराच्या मागे परसात १२ बाय १० फुटाचा ओटा बांधून घेतला, घराच्या भिंतीपासून मागच्या नालीपर्यंत १२ फूट. एका कोपऱ्यात धुण्याचा दगड, लिंबाखाली बसायला विटांचा कट्टा. मिस्तरी म्हातारा, गावातलाच, हात चांगला. काम सुरू करायच्या आधी त्यानं विचारलं, "पानी कथा जाई भाऊ?" मी म्हटलं जाईल कुठं तरी, तुम्ही करा. मग तो म्हणाला दोन सूत ढाळ ठेवतो. आता मला सूत म्हणजे दोरा एवढंच माहीत, मोबाईलवर बघितलं तर इंचाचा आठवा भाग निघाला, म्हटलं दोन सूत म्हणजे पाव इंच, एवढ्याशानं काय होतंय, ठेवा.

दुसऱ्या दिवशी बघतो तर भिंतीपाशी दोरी एका उंचीवर आणि नालीकडे तीच दोरी चांगली तीन इंच खाली बांधलेली! मला वाटलं म्हाताऱ्याची नजर गेली. आई सत्तरीची, घसरून पडली तर? म्हणून मी आवाज चढवून सांगितलं की मला ओटा एकदम लेव्हलमध्ये पाहिजे. तो दोनदा म्हणाला, बघा हं. तिसऱ्यांदा काही बोलला नाही, पाण्याची पारदर्शक नळी काढली, चारी कोपऱ्यांना खुणा केल्या आणि ओटा असा लेव्हल करून दिला की आजही गोटी ठेवली तर जागची हलत नाही. पाणीपण हलत नाही. पहिल्या मोठ्या पावसात सगळं तिथंच उभं राहिलं, घराच्या भिंतीला टेकून, आता वीतभर उंचीपर्यंत पोपडे सुटले आहेत आणि मी रोज सकाळी खराटा घेऊन पाणी ढकलून राहिलो.

तर प्रश्न असा: दोन सूत म्हणजे एकूण दोन सूत की फुटाला दोन सूत? ‘फुटाला’ हा शब्द त्यानं उच्चारलाच नव्हता, मग चूक कोणाची?

सळईवाला:
फुटालाच. दुसरा अर्थच नाही. ढाळ म्हटला की तो फुटामागे. १२ फूट गुणिले २ सूत म्हणजे २४ सूत, ८ सुतांचा १ इंच, झाले ना बरोबर ३ इंच. मिस्तरीची दोरी बरोबर होती भाऊ, तुमचा मोबाईलपण बरोबर होता, मधलं वाक्य गायब होतं.

बाकी सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे आमच्या धंद्यात रोजचं. बिलावर एमएम लिहितो पण गिऱ्हाईक सुतातच मागतं. दोन सूत म्हणजे ६ एमएम, अडीच सूत ८, तीन सूत १०, चार सूत १२, पाच सूत १६. पक्का हिशेब लावला तर चार सूत साडेबारापेक्षा थोडं जास्त भरतं, पण दुकानात चार सूत म्हणजे बाराची सळई, वाद नाही.

शब्दवेडी:
छान विषय निघाला. सूत हे संस्कृत सूत्र, म्हणजे धागा. सुतार हा शब्दही त्यातलाच, सूत्रधारापासून आलेला, म्हणजे दोरी धरून माप घेणारा माणूस. आणि मजा बघा, ज्या दोरीनं रेघ पाहायची तीच सूत, त्या दोरीच्या जाडीएवढं बारीक माप तेही सूत. म्हणून ‘भिंत सुतात आहे’ म्हणजे सरळ रेषेत आहे आणि ‘भिंत दोन सूत बाहेर आहे’ म्हणजे पाव इंच चुकली आहे. सुतावरून स्वर्ग, सूत जमणं, सूतोवाच, सगळी याच घरातली मंडळी.

पारोळेकर:
ताई बाकी सगळं मान्य पण सूतोवाच त्यातून काढा. तो सूत वेगळा. पुराणात गोष्ट सांगणारा सूत असतो ना, ‘सूत उवाच’ म्हणून सुरुवात होते, त्याच्यावरून सूतोवाच म्हणजे विषयाला तोंड फोडणं. त्याचा दोऱ्याशी संबंध नाही.

शब्दवेडी:
अरे हो की! चुकलंच. दादा धन्यवाद.

गावठी:
मग ‘तसूभरही हटणार नाही’ म्हणतात ते सूतच का? मी लहानपणापासून सूतभर ऐकतोय असं वाटतं.

पारोळेकर:
नाही, तसू वेगळा. तसू म्हणजे गजाचा २४ वा भाग, इंचाच्या जवळपास जाणारं जुनं माप. इंच फूट आले आणि तसू फक्त म्हणीत उरला. सूत मात्र इंचाच्या पोटात शिरून बसलं म्हणून टिकलं. सूतभर पण लोक म्हणतात, चूक नाही, पण मूळ वाक्प्रचार तसूभर.

गवंड्याचा पोरगा:
माझे वडील ४० वर्षं गवंडीकाम करत होते म्हणून सांगतो, इथं खरा घोळ सूताचा नाहीच, ‘लेव्हल’चा आहे. घरमालक लेव्हल म्हणतो तेव्हा त्याच्या मनात असतं की खड्डे नकोत, उंचवटे नकोत, पाय अडखळला नाही पाहिजे. त्याला मराठीत सपाट म्हणतात. मिस्तरी लेव्हल ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे पाण्याची नळी येते, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला. सपाट वेगळं आणि लेव्हल वेगळं, ओटा सपाट पाहिजे पण लेव्हल नको, सपाट असूनही ढाळात असू शकतो ना, जसा कॅरमबोर्ड एका बाजूनं उचलला तरी सपाटच राहतो. वडील म्हणायचे की घराच्या आतलं लेव्हलमध्ये आणि आभाळाखालचं ढाळात. न्हाणी तेवढी आतली असून ढाळातली.

आणि तुमच्या म्हाताऱ्यानं पहिला प्रश्न पाण्याचा विचारला होता. तिथंच सगळं होतं.

धुळ्याची:
ढाळ आणि उतार यात फरक आहे का? आमच्याकडे आजी धाब्याच्या घराबद्दल बोलताना ढाळच म्हणायची. धाब्यावर पांढरी माती पसरून चोपायची, ढाळ पन्हाळीकडे ठेवायचा, पाणी पन्हाळीतून लांब पडलं पाहिजे, भिंतीवर नाही. रस्त्याला मात्र ती उतारच म्हणायची.

शब्दवेडी:
मला वाटतं उतार हा असतो आणि ढाळ हा दिला जातो. टेकडीला उतार आहे, गच्चीला ढाळ काढला. ढाळणं म्हणजे ओतणं, खाली सोडणं, अश्रू ढाळतात तसं, त्यामुळे ढाळ म्हटलं की पाणी कुठंतरी जाणार हे त्या शब्दात आधीच धरलेलं आहे. कुठे कुठे उतारही म्हणत असतील, पण गवंडी ढाळच म्हणतात.

सळईवाला:
आणि पाण्याशिवाय ढाळ नाही हे पण. लोखंडी जिन्याला कोणी ढाळ म्हणत नाही.

निवृत्त ओव्हरसियर:
शब्द झाले, आता थोडं कामाचं. फुटाला दोन सूत म्हणजे १ला ४८, म्हणजे ४८ इंच लांबीला १ इंच खाली. फुटाला एक सूत म्हणजे १ला ९६. घोटून गुळगुळीत केलेल्या कोब्यावरून, म्हणजे काँक्रीटच्या जमिनीवरून, एक सूतानंही पाणी निघून जातं, पण परसातला ओटा कोणी घोटू नये, ओला झाला की घसरतो, माल ओला असताना वरून झाडू फिरवून खरखरीत करावा. खरखरीत झाला की पाणी अडकतं, म्हणून तिथं दीड ते दोन सूत. तुमच्या आईची काळजी बरोबर होती पण इलाज उलटा केलात, घसरायला तीन इंचाचा ढाळ कारण नसतो, साचलेलं पाणी आणि शेवाळ कारण असतं.

दुसरं, ओट्याखाली काय भरलंय? आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते काय उगाच. त्या मातीवर सरळ कोबा टाकला तर ढाळ कितीही बरोबर काढा, दोन वर्षांत ढाळ आपली दिशा बदलतो. काळी माती खणून काढायची, मुरूम भरायचा, तोही एकदम नाही, अर्धा फुटाचा थर, पाणी, धुम्मस म्हणजे जड ठोकण्यानं चोपणं, परत थर. त्याच्यावर दगडाचं सोलिंग, म्हणजे दगड रचून केलेला थर, आणि मग काँक्रीट.

तिसरं, ओटा घराच्या भिंतीला चिकटवू नका. चार सूत फट सोडा आणि ती लवचिक मालानं भरा. घर आणि ओटा वेगवेगळे बसतात, चिकटवले की तडा घराच्या गिलाव्याला जातो.

गावठी:
भेग आणि तडा यावर पण एक धागा काढा कोणी तरी.

धुळ्याची:
भेग जमिनीला आणि टाचेला, तडा भिंतीला आणि मैत्रीला. झाला धागा.

चोपडेकर:
वाचतोय सगळं. आज मिस्तरीकडे जाऊन आलो, चहा पाजला. तो हसला, रागावला नव्हता. मी म्हटलं आहे त्याच ओट्यावर वरून माल टाकून ढाळ काढून द्या, तोडायचं जिवावर येतं. उंबरा ओट्यापासून चार इंच वर आहे. जमेल का?

गवंड्याचा पोरगा:
आकडे मांडून बघा ना भाऊ. नालीच्या कडेला वरचा थर शून्यावर आणता येत नाही, पापडासारखा उडून जातो, तिथं दीड इंच तरी पाहिजे. दोन सूत ढाळ धरला तर भिंतीपाशी दीड अधिक तीन, साडेचार इंच. उंबरा चार इंचावर. म्हणजे ओटा उंबऱ्याच्या वर गेला, पाऊस घरात. एक सूत धरला तर भिंतीपाशी तीन इंच, उंबऱ्याखाली एक इंच उरतो. कागदावर जमतं. वर टाकायचंच असेल तर आधी जुन्या कोब्याला टाचे मारून म्हणजे छिन्नीनं खरबरीत करून घ्या, धुवा, सिमेंटचं दूध फिरवा, मग माल, नाहीतर दोन थर कधीच एक होणार नाहीत, वरून चाललं की पोकळ आवाज येतो.

निवृत्त ओव्हरसियर:
कागदावर जमतं पण करू नका. जोत्यावर डीपीसीचा थर असतो तो ओल अडवायला. बाहेरचा ओटा त्याच्या जवळ किंवा वर चढवला की ओलीला बाजूनं रस्ता मिळतो आणि आता वीतभर पोपडे आहेत ते हातभर होतील. तोडा. तसंही खाली काळी माती असेल तर वरच्या थराचा काही उपयोग नाही. एका कोपऱ्यात हातभर फोडून बघा खाली काय आहे ते, मग ठरवा.

पारोळेकर:
जाता जाता, मिस्तरी शब्द पोर्तुगीज मेस्त्रेवरून आला आणि घमेलं पण पोर्तुगीजच, गामेला. ओळंबा, म्हणजे भिंत उभी सरळ आहे का बघायला दोरीला टांगतात ते वजन, मात्र आपला, अवलंबशी नातं आहे, लोंबणारा. म्हणजे माणूस आणि भांडं बाहेरचं, वजन घरचं.

शब्दवेडी:
आणि गुण्या फारसीतून. काटकोन पाहायला मिस्तरी गुण्या लावतो ना तो. मोठ्या ओट्याला तो पुरत नाही, तिथं दोरीनं तीन-चार-पाच करतात, एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४, तिरकं बरोबर ५ आलं की कोपरा गुण्यात.

चोपडेकर:
कोपरा फोडला. चार इंच कोबा, खाली विटांचे तुकडे, आणि त्याच्याखाली काळी माती, ओली, बुटाला चिकटणारी. मुरूम नावाला नाही. मुरमाचं मीच म्हटलं होतं, ओटा तर आहे, वर का गाडी लावायचीय. तर तोडायचं ठरलं. या वेळी मी मिस्तरीसमोर वहीत लिहिलं: फुटाला दीड सूत, १२ फुटाला १८ सूत, म्हणजे सव्वादोन इंच, भिंतीकडून नालीकडे. त्यानं वही हातात घेऊन वाचलं आणि खिशातल्या पेन्सिलनं खाली बाण काढला, पाणी कुठं जाणार त्याचा.

कट्टा तसाच ठेवतोय, तो त्यानं स्वतःच्या मनानं बांधलाय, मी तिथं काही बोललो नव्हतो. प्रत्येक थराला सांधेमोड बरोबर, उभी दरज खालच्या विटेच्या मधोमध, वरची दगडी फाडी बाहेरच्या बाजूला किंचित कललेली, बसलं तर कळत नाही पण पाऊस पडला की पाच मिनिटांत कोरडी.

धुळ्याची:
नवीन ओट्याला पाणी मारायचं विसरू नका, आपल्याकडचं ऊन म्हणजे माल सुकवतं, मुरवत नाही. मी कोब्यावर बारदान अंथरून दहा दिवस सकाळ संध्याकाळ भिजवत होते, दुपारी हात लावून बघायचे, कोरडं लागलं की परत. पाणी मारणं म्हणजे शिंपडणं नाही हे आमच्या घरी कोणाला पटेना.

चोपडेकर:
शेवटचं एक. मिस्तरी म्हणतो तोडायचे पैसे ब्रासवर घेईन. वाळूचा ब्रास मला माहीत आहे, १०० घनफूट. १२ बाय १० आणि जाडी चार इंच म्हणजे ४० घनफूट, अर्धा ब्रासपण नाही, स्वस्तात सुटलो असं वाटतंय.

सळईवाला:
थांबा थांबा. कोब्याचा ब्रास वेगळा, तो १०० चौरस फूट. तुमचा १२० चौरस फूट, म्हणजे १.२ ब्रास. हो म्हणायच्या आधी विचारा कोणता ब्रास.

चोपडेकर:
जातो परत चहा घेऊन.