तंबोऱ्यासोबत पेटीचा गंधार बोचतो

काळी_एक: पेटी (हार्मोनियम) नुकतीच लावून आणली. फोनवरच्या ट्यूनरचा काटा प्रत्येक सुराला मधोमध येतो. तरी तंबोऱ्यासोबत भूप राग वाजवायला घेतला की गंधार (ग) टोचतो. पंचमाचं (प) काही नाही. रीड (सूर देणारी पितळी पट्टी) खराब की माझे कान?

सहज_रसिक: भात्यात हवा कमी पडत असेल. आमच्याकडे तसंच झालं होतं.

साथीदार: भात्याचा संबंध नाही. कान चांगले आहेत, रीडही चांगली आहे. ट्यूनर सप्तकाचे 12 सारखे भाग करतो. त्यात गंधार पडतो 400 सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा 1200वा भाग), आणि खरजातून, म्हणजे खालच्या सा मधून, आपसूक निघणारा गंधार 386 वर. पंचमात फरक जेमतेम 2 सेंटचा, म्हणून तो खपून जातो.

करून बघ. तंबोऱ्याची खरजाची तार एकटी छेड. सा काळी एकला (पहिल्या काळ्या पट्टीला) धरला की ती 69.3 हर्ट्झ, तिच्यातला गंधार पाचपट म्हणजे 346.5. आता कपलर (एका पट्टीसोबत दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी सोय) बंद करून पेटीचा तार गंधार दाब, तो 349.2. सेकंदाला पावणेतीन हेलकावे येतात, वाँव-वाँव असे. तेच तुला टोचतंय.

काळी_एक: आले की! मग तेवढा गंधार उतरवून घेऊ?

साथीदार: घरच्या रियाजापुरती पेटी असेल तर खुशाल घे. रीड रिव्हेटच्या बाजूला, म्हणजे ती जिथे ठोकलेली असते तिथे, घासली की सूर उतरतो, टोकाला घासली की चढतो. पण घाई नको, घासलेलं पितळ परत येत नाही. खर्ज-नर पेटी (एका सुराला दोन रीड, एक खालच्या सप्तकातली) असेल तर दोन्ही रीड उतरव, नाहीतर त्या आपसातच भांडतील.

साथीला जाणार असशील तर मात्र हात लावू नकोस. तुझा गंधार म्हणजे पांढरी चार. उद्या बाई काळी पाचला गायला बसल्या की तोच त्यांचा पंचम, तंबोऱ्यापेक्षा 16 सेंट उतरलेला! गंधार लोक सोसतात, असला पंचम कुणी सोसत नाही. मी मैफलीत भूपाच्या गंधारावर फार थांबतच नाही, हलका स्पर्श करून पुढे जातो.

गणिती: पंचम शुद्ध ठेवून सा-प-रे-ध-ग असे चढत गेलात तर गंधार 408 वर पोचतो! 386 पासून साडेएकवीस सेंट, म्हणजे 81/80 या गुणोत्तराइतका फरक. दोन्ही गणितं बरोबर, तरी जुळत नाहीत.

साथीदार: म्हणून तर संगीत-अभ्यासक कृष्णाजी बल्लाळ देवलांपासून श्रुतींच्या (सप्तकातल्या बारीक सूरस्थानांच्या) पेट्यांचा खटाटोप चालू आहे. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटी बंद ठेवली त्यातही हा मुद्दा होता, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) निघत नाही ही तक्रार होतीच. विद्याधर ओकांची 22 श्रुतींची पेटी मिळाली तर एकदा भूप वाजवून बघ.

काळी_एक: निषादही (नी) असाच चढा आहे का?

साथीदार: हो, 12 सेंट. यमन रागाला बसलास की कळेल.