बायोवेअर फुकट नको
शॅडोरन या भूमिका-खेळात (रोलप्लेइंग गेम) बायोवेअर, म्हणजे शरीरात बसवायचे जैविक भाग, जिवंत पेशींपासून वाढवतात, मग त्यासाठी एसेन्स (पात्राचं शरीर किती अखंड आहे ते दाखवणारा आकडा) कशाला कापायचा, असं इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलं; मला ते पटत नाही. या खेळात प्रत्येक पात्राला ६ एसेन्स मिळतो आणि तो घटला की जादूगाराची जादूही घटते. बायोवेअर फुकट केलं तर सगळ्यात जास्त फावेल ते जादूगाराचंच!

चौथ्या आवृत्तीतला (२००५) तोडगा इथे कुणी मांडला नाही. सायबरवेअर (शरीरात बसवायची यंत्रं) आणि बायोवेअर यांच्या एसेन्स-खर्चाची बेरीज वेगवेगळी करायची, जी कमी भरेल ती निम्मी धरायची. मला हा नियम मनापासून आवडतो. आमच्या गटात यामुळेच लोक दोन्ही मिसळून पात्रं बनवायला लागले. नुसत्या लोखंडी हातांवर भर देणाऱ्यांनीही मग स्नायू वाढवून घेतले.