धडपडणाऱ्या तरुण संगीतकाराची हलकीफुलकी प्रेमकथा सुचवा

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाचा बँड गेल्या महिन्यात फुटला. दोन वर्षे रचलेली गाणी अर्धवट राहिली आणि त्याने गिटार कपाटावर ठेवून दिली आहे. रविवारी त्याच्याबरोबर बसून पाहता येईल असा एखादा स्वतंत्रपणे, कमी खर्चात केलेला चित्रपट मला हवा आहे. त्यात तरुण संगीतकाराच्या वाट्याला आलेले अपयश खरे वाटावे, प्रेमकथा असावी आणि हसूही यावे. शेवटच्या दहा मिनिटांत टाळ्यांचा कडकडाट दाखवून सगळे दुःख पुसून टाकणारे चित्रपट मात्र नकोत, कारण ते पाहून त्याला अधिकच एकटे वाटेल अशी मला भीती आहे.

प्रतिसाद १

जॉन कार्नी यांचा 'वन्स' (2007) निःसंकोच पाहा. डब्लिनच्या रस्त्यावर गाणारा नायक एरवी वडिलांच्या दुकानात व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करतो, आणि त्याचे गाणे आवडलेली नायिका दुसऱ्या दिवशी आपला बिघडलेला व्हॅक्यूम क्लीनर पाळीव कुत्र्यासारखा ओढत त्याच्यामागे येते. विनोद असा साधा आहे, कोणाला हिणवून केलेला नाही. चित्रपटाचे चित्रीकरण अवघ्या 17 दिवसांत झाले आणि प्रमुख भूमिका ग्लेन हॅन्सार्ड व मार्केता इर्ग्लोव्हा या प्रत्यक्ष संगीतकारांनी केल्या आहेत. त्यामुळे गाणे जमत नाही तेव्हाचे अवघडलेपणही अभिनय वाटत नाही. या दोघांच्या 'फॉलिंग स्लोली' या गाण्याला 2008 मध्ये ऑस्कर मिळाले.

मला सर्वांत भावतो तो ध्वनिमुद्रणानंतरचा प्रसंग. रात्रभर जागून गाणी मुद्रित केल्यावर सगळे जण ती गाडीतल्या साध्या स्पीकरवर ऐकायला निघतात, कारण स्टुडिओत कोणतेही गाणे चांगलेच वाटते. तुमच्या भावाने गाणी रचली आहेत, त्यामुळे त्या गाडीतली शांतता त्याला इतरांपेक्षा लवकर कळेल. प्रेमकथेचा शेवट येथे सांगत नाही, परंतु तो खोटा नाही.

प्रतिसाद २

'वन्स' उत्तमच आहे, पण तो विनोदीपेक्षा हळवा अधिक आहे. तुमच्या अपेक्षेच्या सर्वांत जवळ जाणारा चित्रपट म्हणजे अँड्र्यू बुजाल्स्की यांचा 'म्युच्युअल ॲप्रिसिएशन' (2005). बँड मोडल्यानंतर न्यूयॉर्कला आलेला ॲलन नव्याने सुरुवात करू पाहतो, त्याला ड्रमवादक हवा असतो, पैशांची ओढाताण असते आणि मित्राच्या प्रेयसीविषयीची ओढ त्याला धड बोलता येत नाही. कृष्णधवल 16 मिमी फिल्मवर चित्रित केलेल्या या चित्रपटातली माणसे वाक्य सुरू करतात, अडखळतात, विषय बदलतात आणि हसू नेमके तिथेच येते. त्याचा वेग संथ आहे, तेव्हा दमून आलेल्या संध्याकाळी लावू नका.

प्रतिसाद ३

तुम्ही थोरल्या बहीण आहात म्हणून मी 'सिंग स्ट्रीट' (2016) सुचवते. हाही कार्नी यांचाच आहे. 1985 मधल्या डब्लिनमध्ये एक शाळकरी मुलगा आवडलेल्या मुलीला आपल्या बँडच्या व्हिडिओत काम करायला बोलावतो; बँड अस्तित्वातच नसल्यामुळे मग तो उभा करण्याची धांदल उडते. ती धांदल अतिशय गोड आहे, मात्र त्या चित्रपटाचा गाभा मला थोरल्या भावात दिसतो. स्वतःचे संगीत मागे पडलेला तो तरुण धाकट्याला एकेक तबकडी ऐकवत घडवतो आणि एकदा त्याच्या मनातली सल बाहेर पडते, तेव्हा हसता हसता आपण गप्प होतो. शेवट थोडा स्वप्नाळू आहे, त्यामुळे तुमच्या अटीत तो पूर्णपणे बसणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. या रविवारी 'वन्स' लावते, कारण गाडीतल्या त्या प्रसंगाचे वर्णन वाचल्यावर भावाने त्याची अर्धवट गाणी मला स्वयंपाकघरात मोबाइलवर ऐकवली होती, ते आठवले. 'म्युच्युअल ॲप्रिसिएशन' सुट्टीच्या दिवशी सकाळी पाहू. 'सिंग स्ट्रीट' मात्र आधी मी एकटी पाहीन.