जांभ्याच्या वाटांसाठी हार्डटेलला ड्रॉप हँडल: काय काय बदलावं लागेल?

घाटवाट: माझी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक): ३x९ गिअर (पुढे तीन, मागे नऊ चकत्या), केबलवाले डिस्क ब्रेक, सपाट हँडल. यवतेश्वर चढून कासच्या बाजूला डांबर सोडलं की मुरूम आणि जांभ्याचे सुटे खडे. लांब राइडला मनगटं भरून येतात. नुसतं हँडल बदलून ड्रॉप (रस्त्याच्या सायकलचं खाली वळलेलं) लावलं तर भागेल का? उतारावर ताबा राहतो का?

सातारी_स्पोक: नुसत्या हँडलवर भागत नाही. सपाट हँडलची नळी पकडीपाशी २२.२ मिमी, ड्रॉपची २३.८. जुने लिव्हर-शिफ्टर चढतच नाहीत. शिमानोचे ९ स्पीड रोड शिफ्टर (गिअर बदलायचे लिव्हर) घ्या, मागचा ९ स्पीड एमटीबी (माउंटन बाइकचा) डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) त्यांच्यावर व्यवस्थित चालतो. पुढच्या डिरेलरची केबलची ओढ जुळत नाही, तो काढून ३२ दात्यांची एकच नॅरो-वाइड (एक दाता अरुंद, एक रुंद, म्हणजे साखळी निसटत नाही) चेनरिंग लावा.

खरी गोम ब्रेकची. रोड लिव्हर केबल कमी ओढतो, एमटीबी कॅलिपरला (डिस्कला चिमटा घेणाऱ्या भागाला) जास्त ओढ लागते. तसंच जोडलं तर लिव्हर हँडलला टेकेल, पण चाक थांबणार नाही. दोन्ही कॅलिपर रोड-पुलचेच (रोड लिव्हरच्या ओढीला जुळणारे) हवेत. इथे पैसे वाचवू नका, यवतेश्वरचा उतार आहे.

रानवाट: ताबा राहतो, पण मांडणी जमली तरच. हँडल स्वतःच ७०-८० मिमी पुढे जातं आणि त्यापुढे हुड (लिव्हरचा वरचा रबरी भाग), म्हणून स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) ४०-५० मिमीचा, वर उचललेला. रस्त्याच्या सायकलसारखं खाली बसवलं की उतारावर खालची पकड कुणी धरतच नाही, आणि कच्च्या वाटेवर तीच कामाची. हुडवरून ब्रेक दाबताना बोटं लिव्हरच्या खिळीजवळ पडतात, जोर लागत नाही, खड्ड्यात हात उडतो. खालून दोन बोटं लिव्हरच्या टोकाला पोचतात आणि तळवा वळणात अडकून राहतो. रीचचा (लिव्हरचं हँडलपासूनचं अंतर ठरवणारा) स्क्रू फिरवून तर्जनीचं पहिलं पेर लिव्हरवर सहज वळेल इतकं जवळ आणा. रुंदी ४६ सेंमीच्या वर, फ्लेअर (खालच्या टोकांचा बाहेरचा झुकाव) १६ ते २५ अंश. १९९० मध्ये अमेरिकन रेसर जॉन टोमॅक माउंटन बाइकच्या शर्यती ड्रॉपवरच धावला होता.

मुरूमकर: एक विरोधी मत. उभ्या, दगडी पायवाटांवर सपाट रुंद हँडलच बरं, पुढचं चाक वळवायला तरफ मिळते. ड्रॉप बैलगाडीच्या वाटांना.

घाटवाट: पटलं. टायर २.१ इंची आहेत, तेच ठेवू?

रानवाट: ठेवा. वजन ७० किलोच्या आसपास असेल तर ट्यूबलेसला २२-२५ पीएसआय हवा, ट्यूब असेल तर ३०. त्याखाली जांभ्याची धार रिमपर्यंत पोचते आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. आणि कासच्या फुलांच्या पठारावर चाक घालू नका.